साठ हात लांब नारू

...न्हाई, तांब्या का खाली ठेवलासा, डॉक्टर? प्या की. वैशाखाच्या उन्हात तासगावपासनं जीप हाकत आलासा, घसा कोरडा पडला असंल – आन् तांब्याला नुसतं बोट लावून तसाच खाली? बरं. कळलं मला. ती खांद्याला हिरवी बाटली लटकतीय नव्हं, घरनं उकळून आणल्याली, तिच्यातलं प्या. प्या, माझ्यादेखत प्या. माझ्या सोप्यात बसायचं, माझं घोंगडं बुडाखाली घ्यायचं, माझ्या बायकोचा पाय उघडा करून बघायचा – आन् माझ्या घरचं पाणी तेवढं चालायचं न्हाई. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर पायरीवरनं ढकलून दिला असता. तुमी डॉक्टर हायसा म्हणून बसलायसा.

आन् काढलासा परत त्योच कागूद. त्योच सवाल. साळूबाई गेल्या साली ह्या दिवसांत पाणी कुठलं प्यायच्या? तिसऱ्यांदा इचारतायसा. विहिरीचं, दुसरं कुठलं? लिवा. गावाला पायरीची विहीर हाय एकच, काळ्या दगडाची, बत्तीस पायऱ्यांची – उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं ऱ्हायाचं, घागर बुडवायची, वर यायचं – आज्यापंज्यापासनं सारं गाव तसंच भरतं, आमी बी तसंच भरतो. लिवा, विहिरीचं. का लिवत न्हाई? पेन कशापायी उचलून धरलाय? – काय? गेल्या सालची वही काय सांगती? व्हय, ठावं हाय मला वही काय सांगती. गेल्या साली ह्या घरात मला नारू, माझ्या धाकट्या भावाला, गुंडाला, नारू, म्हातारीला दोन – आन् साळूला एक बी न्हाई. आन् औंदा साळूला चार. तीन उजव्या पायात, एक डाव्या घोट्याला. बरोबर हाय तुमची वही. मग? त्याला मी काय करू? नशीब म्हणत्यात त्याला. नशिबाचा रकाना न्हाई का तुमच्या कागदावर? मग कसला वो तुमचा अभ्यास.

हळू बोला, आत ऐकू जातंय तिला. – मी न्हाई वरडत. माझा आवाजच असा हाय. सतरा वर्सं पलटणीत काढली, पोरांची कवायत घेतली, त्यो आवाज घरात मावत न्हाई त्याला मी काय करू. ती जागी हाय. तापानं फणफणलीय, पर जागी हाय, सारं ऐकतीय. कालच्या दुपारपासनं पाण्याचा घोट न्हाई तिच्या पोटात, व्हट फाटल्यात, जीभ चामड्यागत झालीय – आन् तुमी मला सांगतायसा, पाणी पाजा. पाजा म्हणं. मला काय कळत न्हाई? मी तांब्या न्हिला तोंडापाशी, तिनं तोंड फिरवलं. गुंडानं न्हिला, तोंड फिरवलं. गूळ घालून न्हिला, लिंबू पिळून न्हिला, शेजारच्या बयाबाईनं मांडीवर डोकं घिऊन वाटी लावली – दात आवळून पडून ऱ्हायली. तुमी म्हणतायसा सांगलीला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता, जीप हाय दारात – तर जीपमधी बसायला बी तयार न्हाई. का पीत न्हाई म्हणजे? ताप डोक्यात चढलाय. दुसरं काय असणार. लिवा की तसं.

माझ्या नारूचं इचारा, त्ये सांगतो. गेल्या साली माझ्या पोटरीतनं निघाला त्यो, सुतागत पांढरा, रोज बोटभर यायचा, काडीला गुंडाळायचा आन् दम धरायचा – वढला की तुटतो, तुटला की पाय भोपळ्यागत सुजतो, त्ये काय तुमास्नी सांगायला नको. तर काडी भरली. दुसरी घेतली, ती बी भरली. शेवटाला म्हातारीचं लाटणं घेतलं गुंडाळायला, आन् चार दिस घरात भाकरी थापूनच खाल्ली, पोळी न्हाई. लडाखला असतो तर मफलर इणला असता. – हसलासा. हसा. सारं गाव हसतं. नाथाजी हवालदार बोलायला लागला की पारावर बसल्याली माणसं घरचं जेवण इसरत्यात. माझा एक शब्द खरा नसतो ह्ये शेंबड्या पोराला बी ठावं हाय, आन् तरी ऐकत्यात. माझ्या बोलण्याला कुणी खरं मानलं तर त्यात माझी काय चूक? सांगा. त्यात माझी काय चूक?

चूक तुमची हाय. पहिल्या दिसापासनं तुमची हाय. गेल्या वैशाखात आलासा, घरोघर फिरलासा, गोळ्या वाटल्यासा – कडू जहर – सूज जरा उतरली, नारू काय हलला न्हाई, आन् तुमी बी मोठ्या मनानं कबूल केलासा, की ह्याला अजून गोळी घावली न्हाई, आमी शोधतोय, तवर पाणी सांभाळा. हितपतुर बरं व्हतं. माणूस कबूल करतंय म्हणून आमास्नी बी बरं वाटलं. मग देवळाम्होरं बाक मांडून तुमी बाटलीत विहिरीचं पाणी धरलंसा, भिंग लावून दाखवलंसा – ह्यो बघा बारीक किडा उड्या मारतोय, ह्याच्या पोटात नारूचं पिल्लू, तुमी किडा गिळतासा आन् वर्सानं पायातनं नारू निघतो, आन् नारूवाला पाय गार करायला पायऱ्या उतरून पाण्यात बसतो, की परत पिल्लं पाण्यात. आप्पासाहेबांनी भिंग घेतलं, उलटंपालटं केलं, म्हणलं, किडा काचंत हाय, पाण्यात न्हाई, दुसरी काच आणा. त्ये बी हसण्यावारी गेलं. सरपंच हायती, त्यांच्या इनोदाला हसावंच लागतं.

पर मग तुमी त्यो नकाशा उलगडलासा. सतरंजीएवढा. गावाचं एक-एक घर काढल्यालं, आन् ज्या घरात नारू त्या घरावर लाल ठिपका. आमची आळी लाल. माळआळी लाल. सुताराचं लाल, गुरवाचं लाल, आप्पासाहेबांच्या घरावर पाच ठिपके, गोवर आल्यागत. आन् वड्याच्या पल्याड बौद्धवाडा – चोवीस घरं – कोरा. धुतल्या धोतरागत पांढरा. आन् तुमी त्याच्यावर बोट ठेवून सांगतायसा, शाळंतल्या पोरांना सांगितल्यागत, ‘हे बघा, यांच्याकडे एकालाही नारू नाही. यांचा आड आहे. आडाला पायऱ्या नाहीत, कुणाचा पाय पाण्याला लागत नाही, दोरानं पोहरा सोडायचा आणि वर ओढायचा. तेव्हा विहिरीच्या पायऱ्या बुजवून होईपर्यंत तुम्ही सगळ्यांनी त्या आडाचं पाणी प्या.’ – असं सांगत्यात का वो गावाला? भर देवळाम्होरं? आप्पासाहेब हितं बसल्यात, बौद्धवाड्याचा अर्जुना तितं कडंला उभा हाय, आन् तुमी म्हणतायसा ह्यांचं पाणी चांगलं, तुमचं घाण. पुण्या-मुंबईत चालत असंल. तुमाला काय, तुमी नकाशा गुंडाळलासा, जीपमधी घातलासा, धुरळा उडवत गेलासा. हितं मागं काय झालं त्ये कुणी बघायचं? त्याचा ठिपका कुठल्या रंगाचा?

त्यो आड कसा झाला ठावं हाय तुमास्नी? न्हाई. त्ये नकाशात येत न्हाई. छप्पन साली त्या लोकांनी बौद्ध धर्म घेतला. त्याच्या आदी काय व्हतं, विहिरीच्या वरल्या पायरीवर भांडी ठेवून उभं ऱ्हायाचं, वरनं कुणी वतलं तर न्यायचं. सत्तावन साली अर्जुना पलटणीतनं सुट्टीवर आला, म्हणला, आमी बी पायऱ्या उतरून भरणार. गाव म्हणलं, न्हाई. भांडण न्हाई, मारामारी न्हाई, नुसतं न्हाई. मग त्यो म्हणला, बरं. दोन महिन्यांची सुट्टी सगळी खणण्यात घातली. बाप्ये खणायचे, राही – त्याची बायको – आन् बाकीच्या बाया पाटीनं माती वढायच्या. अरुंद, माणूस बसंल एवढाच, कारण जागाच तेवढी व्हती त्यांच्याकडं. पायऱ्यांना जागा कुठली? आमी पायऱ्या उतरू दिल्या न्हाईत म्हणून त्यांचा आड बिनपायऱ्यांचा, आन् बिनपायऱ्यांचा म्हणून त्यास्नी नारू... जाऊ द्या. तुमी लिवत बसाल त्ये बी. नगा लिवू.

मला शिकवू नगा पाण्याचं. बासष्ट साली लडाखला त्यो त्याच्या रेजिमेंटात, मी माझ्या, पर एका मुक्कामाला सतरा दिस एक जरीकॅन व्हता चौदा माणसांत. बर्फ वितळवून भरायचो. अर्जुनाच्या हातनं मी पाणी पिलोय, त्यानं माझ्या मगातनं चहा पिलाय, आन् माझी बोटं बधिर झाली तवा त्यानं माझ्या बुटाच्या नाड्या सोडल्यात – ह्ये थाप न्हाई, ह्ये एक खरं हाय, म्हणून पारावर कवा सांगितलं न्हाई. तिकडं कुणी इचारत न्हाई. गावची शीव लागली की इचारत्यात. मी काय गावाचा कायदा केलाय?

तर तुमची जीप गेली. पारावर कुणी बोलंना. आप्पासाहेबांचं तोंड तर असं, घरात मयत झाल्यागत. पाच ठिपके. बोलायचं कुणी? मीच की. नेहमीचाच मी. म्हणलं, आप्पा, त्या आडाचा दोर बघितलाय का कवा? पांढराफेक, गुळगुळीत, साठ हात लांब, मधी एक गाठ न्हाई, सुताचा न्हाई, काथ्याचा न्हाई. असा दोर तासगावच्या बाजारात मिळतो का? न्हाई मिळत. कारण त्यो दोरच न्हाई. त्यो नारू हाय. थोरली नारू, साऱ्या नारूंची आई. आड खणताना तळाला घावली, अर्जुनानं शेपटाला धरून वर वढली, राहाटाला बांधली, आन् तिलाच पोहरा लावून पाणी काढत्यात. आता तिची पोरं तिच्या धन्याला कशी धरतील? कुत्रं घरच्याला चावतं का? ती पोरं मातीखालनं सरपटत येत्यात आमच्या विहिरीला. आन् परक्या कुणी त्या आडाचं पाणी पिलं, तर ती आई स्वता त्याच्या पोटात शिरती, आन् वर्सानं साठ हाताचा नारू निघतो – त्यो काडीला गुंडाळत न्हाई, गाडीच्या आखाला गुंडाळावा लागतो, म्होरं चार बैल जुपून. – असं सांगितलं. बैल कसं वढत्यात त्ये उठून दाखवलं. आवं, माणसं पारावरनं खाली पडायची बाकी व्हती. आप्पासाहेबांनी तर डोळ्याला पटका लावला. त्यांनी मला पान दिलं सवताच्या डब्यातलं. माझ्या जल्मात एवढी रंगल्याली थाप न्हाई.

तिसऱ्या दिशी बाया विहिरीवर बोलाय लागल्या. आठव्या दिशी गुरवीण मला सांगती – मला – की भाऊजी, त्या आडात म्हणं नारूची आई हाय. म्हणलं, वैनी, त्ये मीच सांगितलं. म्हणती, तुमी सांगितलं म्हणून काय खोटं हाय का, माझ्या भावानं बघितलीया, तिला डोळं बी हायती. बघा आता. मग एके दिशी भर दुपारी, बौद्धवाड्यातली माणसं मळ्यांनी कामाला गेल्याली बघून, आठ-दहा जण गेलं, राहाटाचा दोर कापला, फरफटत आणला, वड्याच्या वाळूत टाकून पेटवला. सारं गाव बघायला. आन् त्यो दोर, डॉक्टर, आगीत वळवळला. इतभर आक्रसला, गोळा झाला, काळं पाणी गळाय लागलं त्याच्यातनं, चर्र-चर्र वाजला. बाया किंचाळल्या. आप्पासाहेब म्हणलं, बघा, जित्ती हाय.

नायलॉन व्हता त्यो. मला ठावं व्हतं. आदीपासनं ठावं व्हतं – अर्जुनानं पेन्शनीत निघताना मिलिटरी कॅन्टीनमधनं आणला व्हता, त्या दुकानात मी बी उभा व्हतो रमच्या बाटलीसाठी. नायलॉन आगीत असाच वळवळतो. गावात कुणी नायलॉन जळताना बघितला न्हवता, मी बघितला व्हता, तंबूचे दोर जळताना. एक शब्द बोलायचा व्हता. ‘आरं, नायलॉन हाय त्यो.’ एवढाच. बोललो का? ... तुमी काय बघतायसा माझ्याकडं? तुमी व्हता का तितं? शंभर माणसात उभं ऱ्हाऊन बोलून दाखवा, मग बघा असं.

अर्जुना संध्याकाळच्याला पाराम्होरं आला. मला वाटलं शिव्या घालंल. मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. त्यो नुसता म्हणला, ‘नाथा, तू रं?’ आन् गेला. दुसरा दोर आणला त्यानं, काथ्याचा. त्या दिसापासनं वड्याच्या वाटंला गावानं माणूस बसवला, कुणी तिकडं जातंय का बघायला. पाळीपाळीनं. एक पाळी माझी बी.

– साळू? साळूचं काय इचारताय मधीच? मी दोराचं सांगतोय नव्हं. ती काय हसली न्हाई. पारावरनं घरी आलो, तिला बी सांगितली थाप, बैल करून दाखवलं, गुंडा लोळला हसून, म्हातारी हसली. ती चुलीम्होरं बसल्याली, वळली बी न्हाई. बाकी माझ्या थापांना ती तोंडाला पदर लावून हसायची, लगीन झाल्यापासनं. त्या दिशी न्हाई. जेवणं झाल्यावर उठली, कणगीमागं हात घातला, एक मडकं काढलं – एवढं, दोन तांबे पाणी बसंल एवढं, वर चार पदरी फडकं बांधल्यालं – अंगणात न्हेलं आन् उपडं केलं. माझ्याम्होरं. माझ्या पायापाशी पाणी आलं वहात. दुसऱ्या दिशी मोठी घागर घिऊन बत्तीस पायऱ्या उतरून गेली.

हां. कळलं तुमाला. लागलासा लिवायला. थांबा, आदी ऐका.

दुष्काळात, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, बाया सगळ्या सरकारी कामावर खडी फोडाय जायच्या. तितं कोण कुठल्या आळीचं कुणी इचारत न्हवतं, खायला सरकारी सुकडी बी एका रांगंत मिळायची. साळू आन् राही एका ढिगाऱ्यावर बसायच्या. आमची विहीर तळाला गेल्याली, चिखलपाणी, किड्यांची नुसती रबडी, आन् त्यांच्या आडाला झरा जित्ता. राही कामावर येताना मडकं आणायची, साळू त्यातलं प्यायची. काम सुटलं, दुष्काळ गेला, पर त्ये मडकं काय सुटलं न्हाई. राही वड्यात धुणं धुवायच्या निमतानं यायची, ही जायची, मडकं बदलायच्या. वर्सभर. म्हणून गेल्या साली तिला नारू न्हाई आन् आमास्नी तिघांना हाय. झालं तुमचं कोडं? एवढ्यासाठी तीनदा इचारलासा.

मला ठावं व्हतं का? ... कणगी माझ्या घरातली हाय, डॉक्टर. दाणं काढायला मीच हात घालतो. पहिल्या महिन्यातच घावलं मला. मी फडकं सोडलं, वास घेतला, एक घोट पिलो. गोड लागलं. परत बांधून ठेवलं. तिला बोललो न्हाई, ती मला बोलली न्हाई. बरं चाललं व्हतं. कुणाचं काय बिघडत व्हतं?

मग कशापायी सांगितली ती थाप? तुमी बी तिच्यागतच इचारतायसा, नुसतं बघून. आवं, त्या दिशी तुमची जीप गेल्यावर पारावर कुणी बोलत न्हवतं म्हणलं ना मी – त्ये खोटं. एक जण बोलला. आप्पासाहेब बोललं. म्हणलं, डॉक्टरला कुणी सांगितलं आडाचं पाणी चांगलं म्हणून? कुणीतरी पिल्याशिवाय कसं कळलं? आपल्यातली एक बाई वड्याच्या वाटंला दिसती म्हणत्यात, मडकं घिऊन. नाव माझ्या कानावर हाय. – आन् माझ्याकडं बघितलं. सारा पार माझ्याकडं बघाय लागला. काय करणार? सांगा की, तुमी शिकल्यालं हायसा. म्हणायला पायजे व्हतं, व्हय, माझीच बायको, आन् तिच्याच पायाला नारू न्हाई, बघा जाऊन. नकाशा जे सांगत व्हता त्ये मला एका तोंडानं सांगता आलं असतं. आप्पासाहेब सोडून निम्मं गाव आलं असतं माझ्यामागं, माझं ऐकत्यात ती. त्या ऐवजी माझ्या तोंडातनं काय निघालं, ‘आप्पा, त्या आडाचा दोर बघितलाय का कवा?’ असं निघालं. आपोआप. आयुष्यभर तेच केलं की, सरळ सवाल आला की थाप. मग पान दिलं त्यांनी मला. खाल्लं मी त्ये.

म्हणून सांगतो, लिवू नगा तिचं नाव. बाईमाणूस हाय. लिवायचं तर... थांबा.

काल दुपारी ताप चढला तवा ती बोलली. वर्सात पहिल्यांदा नीट बोलली माझ्याशी. म्हणली, ‘आडाचं पाणी आणा.’ म्हणलं, आणतो, राहीला निरोप धाडतो, मागल्या दारानं दिईल. तर राही सवताच आली व्हती संध्याकाळी, मागल्या दाराला मडकं घिऊन, त्या वाटंवरच्या राखणदाराच्या नाकावर टिच्चून. तिचं बी घेतलं न्हाई साळूनं. राहीच्या हाताला धरून म्हणली, ‘तू आणल्यालं लय पिले बाय. त्यांनी आणलं पायजे. घागरीनं. पारावरनं.’ बघा. आता कळलं का पाणी का पीत न्हाई? ताप न्हाई डोक्यात चढला. डोकं लय साबूत हाय. मला अडवून धरलंय तिनं. चार दोऱ्या पायातनं लोंबत्यात, उठून बसता येत न्हाई, आन् मला, हवालदार नाथाजीला, हुकूम. मरंल पर पिणार न्हाई. तिचा बाप असाच व्हता हेकट.

आवं तुमी जावा की. जीप हाय, पाच मिन्टं लागत्यात. तुमाला कोण काय म्हणतंय? तुमी डॉक्टर, तुमी कुणाच्या बी दारात जातासा. तुमी आणा, मी तिला सांगतो मी आणलं. ... मान काय हलवतायसा? तिनं तुमाला बी सांगून ठेवलंय? कवा? पाय बघताना? – म्हणजे तुमाला आल्यापासनं सारं ठावं व्हतं. मडक्याचं, कणगीचं, सारं. आन् तरी कागूद म्होरं धरून तीन-तीनदा इचारत बसलासा मला, भोळ्या तोंडानं. लय बेरकी हायसा तुमी. थापाड्या मला म्हणत्यात गावात.

मी गेलो तर काय हुईल, मी सांगतो तुमाला. आप्पासाहेब पारावर बसल्यालं असत्यात ह्या वक्ताला, पान लावत. म्हणतील, काय नाथाजी, घागर घिऊन कुठं? वाटंवर गुरवाचा पोरगा बसलाय, त्यो आडवा हुईल, त्याला पाळी मीच लावून दिलीया. पल्याड गेलो तर अर्जुना. त्यो काय मला पाणी काढून देणार न्हाई. त्यो पोहरा म्होरं करंल आन् म्हणंल, वढ. त्यो दोर मला हातात धरावा लागंल. साठ हात. मी वढतोय आन् त्यो बघतोय, राही बघतीय, चोवीस घरं बघत्यात. आन् म्हणणार कुणीच काय न्हाई. त्येच. कुणी काय म्हणणार न्हाई. चीनच्या गोळ्या परवडल्या.

... खोकली. ऐकलासा? कोरडा खोकला हाय. घशात काय न्हाईच, कशानं खोकणार.

लिवा. लिवा आता, मी सांगतो तसं. साळूबाई नाथाजी, वय अडतीस. गेल्या सालच्या वैशाखापतुर – आडाचं. तिथनं म्होरं – विहिरीचं. का सोडलं? हाय का रकाना? हाय? मग लिवा, नवऱ्यानं थाप मारली म्हणून. तसंच लिवा, कातरू नगा शब्द. माहिती कुणी दिली? नवऱ्यानं. आणा, सही करतो, मला सही येती. – ही घ्या. ह्यो कागूद आप्पासाहेबांना दाखवा, सायबांना दाखवा, दिल्लीला धाडा, मला काय करायचंय.

आन् उठा आता. बसून नगा ऱ्हाऊ हितं. ती घागर द्या हिकडं, तुमच्या मागची. न्हाई, तुमी संगं यायचं न्हाई. आन् जीप बी पाराकडनं न्हेऊ नगा, माळआळीनं काढा – न्हाईतर गाव म्हणंल, डॉक्टरनं धरून न्हेला नाथाजीला. मला कुणी धरून न्हेत न्हाई. सरका. उंबऱ्यातनं सरका म्हणतोय ना.